प्लस-मायनस ठेवायचं कुठे? वैज्ञानिक डेटा आणि रिलेशनल डेटाबेस

नमस्कार मंडळी. विषयाचं नाव जरा जड आहे, पण आज मला खरं तर एकाच प्रश्नाबद्दल बोलायचंय. प्रयोगात किंवा दुर्बिणीतून एखादा आकडा मोजला की त्याच्याबरोबर त्याचं प्लस-मायनस येतं, ते डेटाबेसमध्ये ठेवायचं कुठे?

बँकेचं बघा, खात्यात 5,200 रुपये आहेत म्हणजे आहेत, प्लस-मायनस 300 असं बँक कधी म्हणत नाही. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये आयबीएमला असताना रिलेशनल मॉडेल मांडलं, म्हणजे माहिती एकमेकींशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, त्यात टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक खरं विधान असं धरलेलं आहे, आणि पगार, स्टॉक, रिझर्वेशन यांच्यासाठी ते अगदी बरोबर बसतं. विज्ञानात मात्र मोजलेला एकही आकडा असा नसतो. ताऱ्याचं तेज 18.0 आहे (या मोजपट्टीत आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) असं कुणी म्हणालं तर माझा पहिला प्रश्न, किती इकडेतिकडे? ते सांगता येत नसेल तर त्या 18.0 चं पुढे काही करता येत नाही, दुसऱ्या कुणाच्या मोजणीशी ते जुळतंय की नाही हेसुद्धा ठरवता येत नाही.

म्हणून बरेच वैज्ञानिक वर्षानुवर्षं डेटाबेसपासून लांबच राहिले, फाइली, फोल्डर आणि आपापले प्रोग्राम. हे बदललं कसं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये अपाची पॉइंटला अडीच मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर 30 सीसीडींचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपांचा) कॅमेरा लावून 2000 पासून आकाशाचा पद्धतशीर सर्व्हे सुरू झाला, पाच वेगवेगळ्या फिल्टरमधून. आधी त्यांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस घेतला होता, मग जॉन्स हॉपकिन्सचे अ‍ॅलेक्स सलाय आणि मायक्रोसॉफ्टचे जिम ग्रे (1998 चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालेले, डेटाबेस क्षेत्रातलं फार मोठं नाव) एकत्र आले आणि सगळं साध्या रिलेशनल डेटाबेसवर आणलं, 2001 मध्ये स्कायसर्व्हर नावानं ते जगाला खुलं झालं.

ग्रे यांची पद्धत मला फार पटते. ते म्हणायचे, तुम्हाला या डेटाला विचारायचेत असे 20 प्रश्न लिहून द्या. स्कीमा (टेबलांचा आराखडा) नंतर, आधी प्रश्न. आणि त्या यादीतला पहिलाच प्रश्न बघा, आकाशातल्या अमुक बिंदूच्या एक आर्कमिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आतल्या सगळ्या दीर्घिका द्या, पण ज्यांचे पिक्सेल सॅच्युरेट झालेले, म्हणजे जास्त प्रकाशानं भरून गेलेले, नाहीत अशाच. म्हणजे खगोलशास्त्रज्ञानं पहिल्याच वाक्यात डेटाच्या भरवशाबद्दल विचारलं! म्हणून त्या टेबलात प्रत्येक मोजलेल्या तेजाच्या शेजारी त्याच्या एररचा, म्हणजे प्लस-मायनसचा, कॉलम आहे, आणि एक फ्लॅगचा कॉलम आहे ज्याच्या एकेका बिटमध्ये हा पिक्सेल सॅच्युरेट झाला का, ही वस्तू फ्रेमच्या कडेला आली का, दोन वस्तू चिकटलेल्या होत्या त्या सॉफ्टवेअरनं वेगळ्या केल्या का, असं सगळं नोंदवलंय.

तर प्लस-मायनसची पहिली जागा ही, त्याच ओळीत, शेजारच्या कॉलममध्ये. वेगळ्या फाइलीत नाही, पीडीएफमधल्या तळटीपेत तर नाहीच नाही.

आता शेजारी कॉलम असला म्हणजे झालं असं नाही, कारण माणसं तो वाचतच नाहीत. युरोपियन स्पेस एजन्सीच्या गाया यानाचा डेटा घ्या. 2022 मध्ये त्यांचं तिसरं मोठं रिलीज आलं, सुमारे 181 कोटी वस्तू, आणि त्यातल्या 146 कोटींहून जास्त वस्तूंचा पॅरलॅक्स दिलेला आहे, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकल्यासारखा दिसतो तो कोन. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेसारखीच एडीक्यूएल नावाची भाषा आहे तिच्यात क्वेरी म्हणजे प्रश्न लिहायचा आणि डेटा घ्यायचा, कुणालाही मिळतो. पॅरलॅक्स मिलीआर्कसेकंदात (अंशाच्या 36 लाखाव्या भागात) असतो, 1000 भागिले पॅरलॅक्स केलं की पार्सेक या खगोलशास्त्रातल्या एककात अंतर. पॅरलॅक्स 2.0 आणि एरर 0.05 असेल तर अंतर 500 पार्सेक, छान, भांडण नाही. पण लांबच्या ताऱ्याचा खरा पॅरलॅक्स 0.1 आहे आणि एरर 0.3 आहे, मग मोजलेला आकडा 0.4 येईल, किंवा चक्क उणे 0.2 येईल. गायाच्या टेबलात असे उणे पॅरलॅक्स भरपूर आहेत आणि ते बरोबर आहेत, मोजणी अशीच येते, शून्याच्या आसपास एरर मोठा असला की काही आकडे शून्याखाली जाणारच.

नवीन माणूस काय करतो, उणे अंतर कसं असेल म्हणून क्वेरीत व्हेअर पॅरलॅक्स ग्रेटर दॅन झीरो टाकतो. दिसायला किती समंजस अट आहे! पण तिनं काय केलं बघा, ज्या ताऱ्यांची चूक खालच्या बाजूला गेली ते सगळे फेकले आणि ज्यांची वरच्या बाजूला गेली ते ठेवले, मग सरासरी काढली की सगळे तारे आहेत त्यापेक्षा जवळ वाटतात. क्वेरी कुठे अडत नाही, सर्व्हर तक्रार करत नाही, उत्तर मात्र वाकडं. पॅरलॅक्स भागिले एरर असा तयार कॉलमही गायानं दिलाय, लोक त्यावर पाचपेक्षा जास्त अशी अट लावतात, त्यानं आकडे स्वच्छ होतात पण लांबचे आणि अंधुक तारे गळतात, म्हणजे तीही फुकटची सोय नाही. चुकांबद्दलची माहिती असलेल्या कॉलमवर गाळणी लावताना आपण नक्की कुणाला बाहेर काढतोय हे विचारायची सवय लागली पाहिजे, माझा सगळ्यात जास्त आग्रह कशाबद्दल असेल तर याबद्दल.

मग जे मोजलंच गेलं नाही त्याचं काय? स्लोनच्या टेबलांत अनेक ठिकाणी उणे 9999 टाकलेलं असतं, म्हणजे इथे आकडा नाही. ही पद्धत फाइलींच्या जमान्यातली, आणि सरळ एव्हरेज काढलं की ते 9999 सरासरीत मिसळतात. नल, म्हणजे डेटाबेसमधली रिकामी जागा, वापरला तर एव्हरेज तो वगळतं, पण नलचा अर्थ नेमका काय? त्या दिशेला दुर्बीण वळवलीच नाही, का वळवली पण ढग आले, का वळवली, आकाश स्वच्छ होतं आणि तरी तिथे काही दिसलं नाही? तिसरी गोष्ट तर माहिती आहे ना, ती वस्तू 22 च्या तेजापेक्षा अंधुक आहे हे आपल्याला कळलं! कॉड यांनीही 1990 पर्यंत नलचे दोन प्रकार करावेत असं सुचवलं होतं, लागू आहे पण माहीत नाही आणि लागूच नाही. एसक्यूएलमध्ये ते आलं नाही, म्हणून आपणच स्थितीचा वेगळा कॉलम ठेवायचा, मोजलं, नुसती मर्यादा कळली, पाहिलंच नाही, खराब. साधा कॉलम आहे, पुढच्या माणसाचे महिने वाचतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एकाच ताऱ्याचं तेज दोनदा मोजलं, एकदा 18.0 प्लस-मायनस 0.1 आणि एकदा 18.6 प्लस-मायनस 0.3. साधी सरासरी 18.3. पण पहिली मोजणी जास्त भरवशाची आहे, म्हणून प्रत्येकाला एररच्या वर्गाच्या व्यस्तात वजन द्यायचं, पहिलीला 100, दुसरीला सुमारे 11, उत्तर येतं 18.06 आणि त्याचा एरर साधारण 0.095. हे एसक्यूएलमध्ये एका ओळीत होतं, समला समनं भागायचं (वजन गुणिले आकडा यांची बेरीज भागिले वजनांची बेरीज), कुठलाही खास डेटाबेस लागत नाही. मग याच हिशोबानं 400 मोजण्या घेतल्या, प्रत्येकीचा एरर 0.1, तर सरासरीचा एरर 0.1 भागिले 20, म्हणजे 0.005. मस्त वाटतं. पण हे खरं कधी, जर 400 चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. भाजीवाल्याचा काटाच 50 ग्रॅमनं कमी दाखवत असेल तर शंभर गिऱ्हाइकांची सरासरी काढून काटा सुधारत नाही. त्या 400 मोजण्या एकाच रात्रीच्या एकाच कॅलिब्रेशनवर, म्हणजे उपकरणाचा काटा जुळवण्यावर, उभ्या असतील आणि त्या कॅलिब्रेशनमध्येच 0.02 ची अनिश्चितता असेल, तर सरासरीचा एरर 0.02 च्या खाली जाणारच नाही, तुम्ही 400 घ्या नाहीतर चार लाख घ्या.

आणि इथे रिलेशनल डेटाबेस असा काही उपयोगी पडतो की मला दर वेळी त्याचं नवल वाटतं! सामायिक चूक ठेवायची जागा म्हणजे वेगळं टेबल. मोजण्यांचं एक टेबल, त्यात आकडा, त्याचा स्वतःचा रँडम एरर, आणि कॅलिब्रेशन आयडी. कॅलिब्रेशनचं दुसरं टेबल, त्यात रात्र, उपकरण, सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि त्या कॅलिब्रेशनचा एरर, एकदाच. हा आयडी म्हणजे फॉरेन की, दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी, ती काय सांगते, तर कोणाकोणाची चूक एकत्र हलणार आहे. क्वेरीत आधी कॅलिब्रेशन आयडीवर ग्रुप बाय करायचं म्हणजे गट पाडायचे, गटाच्या आत वजनी सरासरी, मग सरासरीच्या एररचा वर्ग आणि गटाच्या सामायिक एररचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं, आमच्या उदाहरणात 0.005 आणि 0.02 मिळून 0.0206, हा प्रामाणिक आकडा. लोक नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच टेबलात एकदाच ठेवणं) शिकताना जागा वाचते म्हणून शिकतात, इथे त्याला भौतिकशास्त्राचा अर्थ येतो.

स्लोनमध्ये हे फार सुंदर दिसतं. तिथे प्रत्येक वस्तूचा 64 बिटांचा आयडी असतो, त्यातच रन, रीरन, कॅमेऱ्याचा कॉलम आणि फील्ड भरलेलं असतं. रन म्हणजे कुठल्या वेळचं निरीक्षण, रीरन म्हणजे तेच चित्र सॉफ्टवेअरच्या कुठल्या फेरीत प्रोसेस झालं. चित्र तेच, सॉफ्टवेअर बदललं, आकडे बदलले, मग जुनी ओळ खोडायची नाही, नवी टाकायची. शिवाय रिलीज गोठवलेले असतात, एखाद्या जुन्या पेपरमधली क्वेरी त्याच रिलीजवर परत चालवता येते. आणि 2008 मध्ये एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांमधले तेच तारे वापरून अख्ख्या सर्व्हेचं कॅलिब्रेशन नव्यानं बसवलं गेलं, चार फिल्टरमध्ये साधारण 1 टक्का आणि सगळ्यात निळ्या फिल्टरमध्ये साधारण 2 टक्के इतकं. कुठली मोजणी कुठल्या रनमधली हे नोंदवलेलंच नसतं तर हे करता आलं असतं का?

गाया याच्याही पुढे गेलंय. तिथे एकाच ताऱ्याच्या पाच राशी, आकाशातल्या दोन दिशा, पॅरलॅक्स आणि दोन दिशांमधला वेग, यांच्या चुकाही एकमेकींशी बांधलेल्या असतात, म्हणून पाच एरर कॉलम आणि त्यांच्यातल्या प्रत्येक जोडीसाठी एक असे दहा कोरिलेशनचे (दोन चुका किती एकत्र हलतात त्याचे) कॉलम प्रत्येक ओळीत दिलेत. ते दहा कॉलम बघून वैताग येतो हे मला माहितीय, पण ते डाउनलोड करताना गाळू नका, कृपा करून.

आता आकडाच नाही, ओळच अनिश्चित असते तेव्हा? हे आपल्याकडच्या डेटानं सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटरच्या 30 अँटेना. तिच्यावर 150 मेगाहर्ट्झला केलेल्या सर्व्हेचा कॅटलॉग 2017 मध्ये आला, सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोत. त्याचं चित्र साधारण 25 आर्कसेकंदांइतकं पसरट, आणि ऑप्टिकल दुर्बिणीचं त्याहून कितीतरी टोकदार. त्यामुळे समजा एका रेडिओ स्रोताच्या जागेत तीन दीर्घिका सापडल्या, आणि हिशोब करून शक्यता आल्या 0.6, 0.3 आणि 0.1. बहुतेक टेबलं काय करतात, बेस्ट मॅच म्हणून पहिली ठेवतात, बाकी दोन गायब. अशा हजार स्रोतांवर तेच केलं की सुमारे 400 जोड्या चुकीच्या, आणि कुठल्या ते कळायचा मार्गही उरला नाही.

त्यापेक्षा तीनही ओळी ठेवा, प्रत्येकीला शक्यतेचा कॉलम, आणि तिघींना एकच रेडिओ स्रोताचा आयडी. हा आयडी का महत्त्वाचा ते बघा. पहिली आणि तिसरी दीर्घिका लाल आहे, तर हा स्रोत लाल दीर्घिकेचा असण्याची शक्यता किती? तिन्हीपैकी एकच खरी असू शकते, म्हणून 0.6 अधिक 0.1, 0.7. पण त्यांना स्वतंत्र घटना समजून हिशोब केला तर 1 वजा 0.4 गुणिले 0.9, म्हणजे 0.64. दोन्ही उत्तरं दिसायला पटण्यासारखी, बरोबर एकच, आणि फरक कुठून आला, तर या ओळी एकमेकींच्या पर्याय आहेत ही नोंद आहे की नाही यातून.

यावर फार चांगलं संशोधन झालंय, शक्यतांसकट ओळी सांभाळणाऱ्या डेटाबेस-प्रणाली बनल्या, स्टॅनफर्डचं ट्रायो, कॉर्नेलचं मेबीएमएस, पर्ड्यूचं ओरायन. आयआयटी मुंबईत राहुल गुप्ता आणि सुनिता सरावगी यांनी 2006 मध्ये दाखवलं की मजकुरातून आपोआप काढलेली माहिती अशा शक्यतांसकट डेटाबेसमध्ये कशी भरायची. आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचे निलेश दळवी आणि डॅन सुच्यू यांनी दाखवलं की ओळी स्वतंत्र असल्या तरी तीन टेबलांच्या एका साध्या दिसणाऱ्या जॉइनचं (टेबलं जोडणाऱ्या क्वेरीचं) नेमकं उत्तर काढणं इतकं अवघड असू शकतं की मोठ्या डेटावर नेमक्या उत्तराची आशाच सोडावी लागते. म्हणून 2008 मध्ये आलेली एमसीडीबीची कल्पना मला व्यवहारात सगळ्यात कामाची वाटते, अनिश्चित आकड्यांच्या जागी नमुने काढायचे, क्वेरी जणू हजार वेगवेगळ्या शक्य जगांवर चालवायची आणि हजार उत्तरांचा पसारा बघायचा. हे तुम्ही साध्या डेटाबेसवरही करू शकता, एक नमुना क्रमांकाचा कॉलम वाढवा आणि त्यावर ग्रुप बाय करा. अट एकच, सामायिक कॅलिब्रेशनचा नमुना गटासाठी एकदाच काढायचा, प्रत्येक ओळीला वेगळा काढला की परत त्या 0.005 वर आलात.

मागून प्रश्न आलाय, हे सगळं पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसवर होईल का. होईल, आरामात. आकाशातल्या जवळपासच्या वस्तू शोधायला क्यूथ्रीसी आणि पीजीस्फिअर ही एक्स्टेंशन आहेत. फक्त तिथे नॅन म्हणजे नॉट अ नंबर हा सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे सगळ्यात मोठी मूल्यं काढायला गेलात की नॅन वर येऊन बसतात, म्हणून आत घेतानाच ते अडवा. स्थितीच्या कॉलममध्ये मोजलं असं लिहिलं असेल तर एरर नल नको आणि शून्यापेक्षा मोठाच हवा असं चेक कन्स्ट्रेंट लावा, आणि कॅलिब्रेशन आयडी नॉट नल ठेवा. पहिल्या आठवड्यात टीममधले सगळे ओरडतील की डेटा आत जातच नाही. जाऊ देऊ नका, ज्यानं मोजलंय त्याला फोन करून एरर विचारा, तो माणूस अजून प्रयोगशाळेत आहे तोवर.