रिकामी जागा आणि सहा महिन्यांची मुदत

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या आमदाराचे निधन झाले, त्याने राजीनामा दिला किंवा न्यायालयाच्या निकालामुळे त्याचे सदस्यत्व गेले, की विधानसभेतील ती जागा रिक्त झाल्याचे जाहीर होते आणि लगेच चर्चा सुरू होते ती उमेदवारीची. घरातल्या व्यक्तीला तिकीट मिळणार का, विरोधक उमेदवार देणार का, लढत बिनविरोध होणार का, याच प्रश्नांभोवती काही आठवडे बातम्या फिरत राहतात. या गडबडीत त्या मतदारसंघातील लाखो माणसांचा विचार मागे पडतो. त्यांच्या भागातील पाण्याच्या योजनेवर तारांकित प्रश्न विचारणारे, त्यांच्या रुग्णालयासाठी लक्षवेधी मांडणारे आणि अर्थसंकल्पावर त्यांच्या वतीने मत देणारे कोणीही त्या दिवसापासून सभागृहात नसते. ही अवस्था किती काळ चालू द्यायची, या प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात बरीच वर्षे नव्हते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली कलम 151-अ घालण्यात आले आणि जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेण्याचे बंधन प्रथमच आले. त्याला दोन अपवाद ठेवले गेले. त्या जागेचा उरलेला कार्यकाळ एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन लागू होत नाही. आणि मुदतीत निवडणूक घेणे कठीण आहे, असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तरीही ते लागू होत नाही. सहा महिने हा काळ तसा पुरेसा आहे. अधिसूचना निघाल्यानंतर अर्ज भरण्यासाठी सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, मग माघारीची मुदत आणि त्यानंतर प्रचारासाठी किमान चौदा दिवस, असा सारा कार्यक्रम महिन्याभरात बसतो. कसबा पेठेत तसे घडलेही. तेथील आमदार मुक्ता टिळक यांचे डिसेंबर 2022 मध्ये निधन झाले, 26 फेब्रुवारी 2023 रोजी मतदान झाले आणि 2 मार्चला नवा आमदार निवडून आला. भारतीय जनता पक्षाकडे कित्येक वर्षे असलेली ती जागा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी जिंकली. त्याच दिवशी मतदान झालेल्या चिंचवडमध्ये मात्र दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप निवडून आल्या. शेजारशेजारच्या दोन शहरांतील मतदारांनी आपापला कौल दिला आणि दोघांनाही तो वेळेत देता आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

अडचण येते ती अपवादांपाशी. नागपूर जिल्ह्यातील काटोलचे आमदार आशिष देशमुख यांनी ऑक्टोबर 2018 मध्ये राजीनामा दिला. आयोगाने एप्रिल 2019 मध्ये मतदान ठेवून पोटनिवडणूक जाहीर केली. परंतु निवडून येणाऱ्या सदस्याला वर्षभरही मिळणार नाही, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द ठरवली. पाच वर्षांनी अकोल्यात तेच घडले. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे नोव्हेंबर 2023 च्या आरंभी निधन झाले, 26 एप्रिल 2024 ही मतदानाची तारीख ठरली आणि मार्चअखेरीस त्याच खंडपीठाने ती पोटनिवडणूकही रद्द केली. वास्तविक जागा रिक्त झाली त्या दिवशी विधानसभेचा कार्यकाळ वर्षाहून थोडा अधिकच उरला होता. कार्यक्रम जाहीर होईपर्यंत चार महिने निघून गेले आणि तो गेलेला वेळ मतदारांच्याच खात्यावर मांडला गेला. अकोला पश्चिमला पुढचा आमदार मिळाला तो नोव्हेंबर 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर.

आता हरियाणाकडे पाहा. मार्च 2024 मध्ये मनोहरलाल खट्टर यांनी मुख्यमंत्रिपदाबरोबर कर्नालची आमदारकीही सोडली. विधानसभेची मुदत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपणार होती. म्हणजे जागा रिक्त झाली त्या दिवशीच उरलेला काळ आठ महिन्यांहून कमी होता. तरीही तेथे पोटनिवडणूक जाहीर झाली, अकोल्याच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली आणि नवे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी तेथून निवडून आले. त्यांना सहा महिन्यांच्या आत सभागृहाचे सदस्य होणे घटनेच्या अनुच्छेद 164 नुसार आवश्यक होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु एका मतदारसंघाला मुख्यमंत्र्यांच्या निकडीमुळे प्रतिनिधी मिळतो आणि दुसऱ्याला केवळ तेथील लोकांच्या निकडीमुळे मिळत नाही, हे अकोल्याच्या मतदाराला कोणत्या शब्दांत समजावून सांगायचे, हे मला कळत नाही.

लोकसभेलाही हेच कलम लागू आहे, म्हणून पुण्याचा उल्लेख करतो. खासदार गिरीश बापट यांचे 29 मार्च 2023 रोजी निधन झाले, तेव्हा लोकसभेचा कार्यकाळ एक वर्षाहून अधिक उरला होता. पोटनिवडणूक झाली नाही. आगामी सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे आणि नव्या सदस्याला फार थोडा काळ मिळेल, ही आयोगाची कारणे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये अमान्य केली व निवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोपर्यंत सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली होती. पुणेकरांना जून 2024 पर्यंत खासदार नव्हता. न्यायालयात बाजू जिंकूनही वेळ हरल्याचे याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही.

पोटनिवडणुकीला होणाऱ्या खर्चाचा मुद्दा काही जण मांडतात आणि तो मी हलका मानत नाही, विशेषतः जेथे आमदारांच्या घाऊक राजीनाम्यांनी निवडणूक ओढवून घेतली जाते तेथे. मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2020 मध्ये एकाच दिवशी 28 जागांची पोटनिवडणूक झाली आणि त्यांतील बहुतेक जागा पक्षांतरातून रिक्त झालेल्या होत्या. अशा पक्षांतराविषयीचा राग रास्त आहे. पण त्याची शिक्षा मतदारांना प्रतिनिधीविना ठेवून देता येणार नाही.

मतदारांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर 2022 च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतली, दिवंगत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची 12,806 मते ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’ या पर्यायाला पडली, तर जवळपास दोन तृतीयांश मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. दिवंगत सदस्याच्या कुटुंबाविषयी आदर म्हणून लढत टाळण्याची आपल्याकडील रीत मी समजू शकतो. तरीही निवड करण्याचा हक्क पक्षांनी आपसांत वाटून घेण्याचा नसतो, असे त्या 12,806 जणांना केंद्रापर्यंत जाऊन सांगावेसे वाटले असणार.

कलम 151-अ मध्ये माझ्या मते दोन दुरुस्त्या हव्यात. एक वर्षाची मोजणी जागा रिक्त झाल्याच्या दिवसापासून करायची, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जावे, म्हणजे कार्यक्रम लांबवून अपवाद ओढून आणता येणार नाही. आणि निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोग प्रमाणित करील तेव्हा त्याची कारणे पंधरा दिवसांच्या आत, त्या मतदारसंघातील प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर, मराठीत लावली जावीत.

नमस्कार.