अर्ध्या तासाची शांतता

छताला भोक पडतं. जेमतेम मूठभर. त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडली जाते आणि दुकानाच्या आत अलगद उघडते. आता वरून फोडत राहायचं. पडेल तो चुना, पडतील ते तुकडे, सगळं त्या छत्रीत. खाली धोक्याची घंटा आहे, आणि तिला जरासा हादराही खपत नाही.

१९५५ सालचा फ्रेंच चित्रपट, 'रिफिफी'. पॅरिसमधली एक जवाहिऱ्याची पेढी, चार माणसं, एक रात्र.

ही चोरी पडद्यावर जवळजवळ अर्धा तास चालते. त्यात एक शब्द नाही, पार्श्वसंगीत नाही. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी या प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. दिग्दर्शक ज्यूल्स डासिन यांनी त्यांना प्रसंग संगीतासह दाखवला आणि संगीताशिवायही. ओरिक म्हणाले, संगीत काढून टाका. स्वतःची मेहनत अशी बाजूला ठेवायला फार मोठं मन लागतं.

मग ऐकू काय येतं?

(निवेदन काही क्षण थांबतं.)

श्वास. हातोडीचा दबका ठोका. मध्येच कुणाचा तरी धक्का पियानोला लागतो, एकच सूर वाजतो, आणि आपल्याच काळजाचा ठोका चुकतो.

त्या घंटेचा अभ्यास चौघांनी आधीच केलेला असतो. तशीच घंटा आणून, तासन्‌तास डोकं लावून. आग विझवायच्या नळकांड्यातला फेस आत भरला की तिचा आवाज कोंडतो, हे त्यांनी शोधून काढलेलं असतं. या अर्ध्या तासात हिरे फारसे दिसतच नाहीत. दिसतात ते हात. रंधा मारणाऱ्या सुताराजवळ किंवा भट्टीपुढच्या सोनाराजवळ आपण जसे नकळत उभे राहतो, तसेच इथे खिळून राहतो. हे चोर आहेत, याचा विसर पडतो. पकडले जाऊ नयेत असं मनापासून वाटू लागतं. माझ्या मते या चित्रपटाची खरी जादू हीच.

डासिन मूळचे अमेरिकन. कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला, कुणीतरी चौकशी समितीपुढे त्यांचं नाव घेतलं आणि हॉलिवूडची दारं बंद झाली. काही वर्षं हाताला काम नव्हतं. 'रिफिफी' त्यांनी परक्या देशात, तुटपुंज्या पैशांत उभा केला.

तिजोरी उघडणाऱ्या सेझारची भूमिकाही त्यांनीच केली, वेगळं नाव लावून. हाच सेझार चोरीतली एक अंगठी नाइटक्लबमधल्या गायिकेला देतो. त्या एका अंगठीपायी सगळं फिसकटतं. गुंड त्याला धरतात, आणि तो साथीदाराचं नाव सांगून टाकतो.

म्होरक्या टोनी त्याला गाठतो. सेझार खांबाला बांधलेला. टोनीचा त्याच्यावर जीव आहे, तरी तो गोळी झाडतो.

आणि नाव सांगितल्याबद्दल ती गोळी झेलणारा माणूस म्हणजे खुद्द डासिन.