काउंट नॉर्मल, पण गुठळी आवळेना

नमस्कार मंडळी. पावसाळा सरत आला की आपल्या पुण्यात, हडपसर असो की कोथरूड, कुणाला ताप आला की प्रश्न ठरलेला, "प्लेटलेट्स किती आल्या?" दीड लाखाच्या वर म्हटलं की सगळे निवांत. डेंगीत आकडा बघायलाच हवा, वादच नाही, पण त्या प्लेटलेट्स काम नेमकं काय करतात हे कुणी विचारतच नाही, म्हणून आज तेवढंच.

एक जुनी टेस्ट सांगतो. साध्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, गोठू न देणारं औषध वगैरे काही घालायचं नाही, आणि नळी ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये उभी ठेवायची. थोड्या वेळात रक्त थिजतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. खरी गंमत त्यानंतर. तासाभरात गुठळी काचेपासून सुटायला लागते, आक्रसत जाते, आणि भोवती पिवळसर पाणी साठतं, तेच सिरम.

हे आवळणं प्लेटलेट्सचं. त्यांच्यात ॲक्टिन-मायोसिन ही आकुंचन घडवणारी प्रथिनं असतात, आपल्या दंडाच्या स्नायूत असतात त्याच जातीची, आणि हे कुठे तर साधं केंद्रकही नसलेल्या एवढ्याशा तुकड्यात! गच्चीवर पोरं कटलेल्या पतंगाचा मांजा हातावर हात टाकत ओढतात ना, तशा त्या फायब्रिनचे, म्हणजे रक्त थिजताना जाळं विणणाऱ्या प्रथिनाचे, धागे ओढत बसतात. गुठळी घट्ट होते, जखमेच्या कडा जवळ येतात, आत अडकलेल्या तांबड्या पेशी तर इतक्या दाबल्या जातात की त्यांना कोन फुटतात.

१९१८ साली ग्लान्झमन नावाच्या स्विस बालरोगतज्ज्ञांनी अशा पेशंटचं वर्णन केलं ज्यांना सारखं रक्त यायचं, पण काउंट नॉर्मल, आणि नळीतली गुठळी मात्र तशीच ढिली. कारण खूप नंतर कळलं, फायब्रिनचा धागा धरायचा प्लेटलेटवरचा जो रिसेप्टर, म्हणजे जणू हातच, जीपी टूबी-थ्रीए नावाचा, तोच या लोकांत नसतो किंवा बिघडलेला असतो. आईवडील दोघांकडून सदोष जीन आला तरच हा आजार होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो, आणि मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे आहेच की.

तेव्हा लहानपणापासून घोळणा फुटतोय, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंय आणि काउंट चांगला आहे, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, आता ॲग्रिगेशन (प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का ते बघणं) आणि फ्लो सायटोमेट्री (तो रिसेप्टर आहे का ते मोजणं) या टेस्टने नीट निदान होतं. मोठा रक्तस्राव झाला तर प्लेटलेट्स चढवतात, पण उठसूट नाही, कारण शरीर त्या रिसेप्टरलाच परकं समजून अँटिबॉडी बनवू शकतं आणि मग पुढच्या वेळी चढवलेल्या प्लेटलेट्स टिकत नाहीत.