टेबललॅम्पमधलं तळं

नमस्कार मंडळी! आजचा विषय आहे टेबललॅम्प. पण साधा नाही हं, ज्याच्या पोटात पाणी आहे, पाण्यात झाडं आहेत आणि जमलं तर चार जीव आहेत असा, आणि तोही घरी बनवलेला. बाजारात तयार मिळतात, प्लास्टिकचे, खाली इवलीशी टाकी आणि वर लाल-निळा-हिरवा बदलत राहणारा लाइट, आणि लोक ते वाढदिवसाला पोरांना भेट देतात, आतल्या माशासकट. माझं स्पष्ट मत आहे की जिवंत वस्तू भेट म्हणून देऊच नये, देणाऱ्याची हौस होते आणि घेणाऱ्याच्या आईला काम लागतं. तसंच त्या रंग बदलणाऱ्या लाइटांचं. हल्ली लग्नाच्या हॉलपासून देवळाच्या कळसापर्यंत सगळीकडे तेच, आता टेबलावर तरी नको. असो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते आणि मधून मधून परत सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. लाइट पाण्याच्या सोयीने लावायचा, आपल्या सोयीने नाही. हे ज्याला पटलं त्याचा लॅम्प टिकला.

आता हे मला कुठे कळलं, तर दांडिया बाजारात, आमच्या काकांच्या घरी. बडोद्यातल्या श्रोत्यांना ती घरं सांगायला नकोत, लाकडी जिना, पुढे अरुंद गॅलरी, आणि शेजारच्या गॅलरीतल्या माणसाने ताटात काय घेतलंय ते इथून दिसतं. काका आयुष्यभर वायरमन, रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. रात्री बारापर्यंत पेपर वाचायची सवय, एक मराठी आणि एक गुजराती, दोन्ही शेवटच्या पानापासून. त्यांना वाचायला लॅम्प हवा होता आणि लहानपणी मुंबईला गेले असताना तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं, ते 1951 साली सुरू झालं, तेव्हापासून डोक्यात मासे. तर म्हणाले, दोन्ही एकातच करतो.

काचवाल्याकडून पाच मिलिमीटरची काच कापून आणली. टाकी वीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद, तीस उंच, म्हणजे काठोकाठ बारा लिटर, आणि वर थोडी जागा सोडली की दहा. सिलिकॉनने सांधली. सिलिकॉन साधं पारदर्शक घ्यायचं, बाथरूमचं बुरशीनाशक घातलेलं नाही, ते पाण्यात उतरतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत दोन दिवस हात लावायचा नाही. मग पाणी भरून रात्रभर जुन्या पेपरवर ठेवली, सकाळी पेपर कोरडा, म्हणजे पास. स्टँड कशाचा केला माहितीये? संखेडाच्या मोडक्या खुर्चीचा पाय! तोच, मरून रंगावर सोनेरी नक्षी असते तो. मागून खाच पाडून त्यात वायर बसवली, वरून नळी वाकवून टाकीच्या बरोबर डोक्यावर आणली आणि तिला शेड. खाली जाड फळी, फळीवर एका बाजूला स्टँड आणि एका बाजूला टाकी. दिसायला एवढं झकास झालं की काकू, ज्या नवऱ्याच्या कुठल्याही कारागिरीला 'पसारा' म्हणतात, त्यांनी तो बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवायची परवानगी दिली.

आणि मग पाणी हिरवं झालं. हिरवं म्हणजे कसं, पुदिन्याची चटणी. काकांनी सगळं पाणी ओतलं, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, नवीन पाणी भरलं, परत हिरवं. परत ओतलं, परत हिरवं. लाइट सकाळी सहाला चहाबरोबर लागायचा आणि रात्री बाराला पेपर संपला की बंद, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे पाण्याला दोष देत बसलेले.

अशात चोमासुं, म्हणजे चातुर्मास, बसलं. शेजारी जैन कुटुंब, त्यातल्या बा, म्हणजे आजी, आमच्या काकूंची जिवाभावाची मैत्रीण. चातुर्मासात बा सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि दिवाही शक्यतो लावत नाहीत, कारण दिव्यावर किडे येतात आणि मरतात. आणि पलीकडे आमचे काका खिडकीत लॅम्प लावून बसलेले, पावसाळ्यातले सगळे पाखरू-चिलटं त्या शेडवर, निम्मी टाकीत पडलेली आणि निम्मी बांच्या गॅलरीत. बा आल्या. मला वाटलं आता भांडण. पण त्या टाकीसमोर पाटावर बसल्या, चष्मा लावून बराच वेळ आत बघितलं. आत तेव्हा चेरी श्रिम्प होत्या, बोटाच्या पेराएवढ्या लाल कोळंब्या, आणि दोन-चार गोगलगायी. मग बांनी पहिला प्रश्न विचारला, "भाई, पाणी गाळ्युं हतुं?" पाणी गाळलं होतं का. आणि दुसरा विचारला, "आ बधा जीव ऊंघे क्यारे?" हे सगळे जीव झोपतात कधी?

काका गप्प. वायरमनला हा प्रश्न कुणी विचारलेला नसणार.

त्या दोघांमध्ये मग जो तह झाला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. बा म्हणाल्या सूर्यास्ताला बंद. काका म्हणाले मग मी वाचू कशावर. काकू आतून म्हणाल्या ट्यूबलाइटवर, इतकी वर्षं कशावर वाचलं? शेवटी काकांनी टायमर आणला, साडेअकराला चालू आणि संध्याकाळी साडेसातला बंद, श्रावणाच्या आसपास आपल्याकडे सूर्य मावळतो त्या सुमाराला. वरती मलमलचं फडकं ताणून बसवलं, किडे पडायला नकोत म्हणून. आणि काका रात्री ट्यूबलाइटखाली पेपर वाचत पुटपुटायचे, "लॅम्प केलाय का देव्हारा केलाय."

आता हिशेब करा. साडेअकरा ते साडेसात किती झाले? आठ तास. कुठल्याही जाणकाराला विचारा, छोट्या टाकीला लाइट किती वेळ, तो सांगेल सहा ते आठ तास! त्यापेक्षा जास्त दिला की झाडांपेक्षा शेवाळाचं फावतं. बांनी एक पुस्तक न वाचता बरोबर आकडा काढला होता. महिन्याभरात पाणी स्वच्छ, पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर आरपार दिसायला लागलं. काका म्हणाले जावा मॉस नावाच्या पाणवनस्पतीमुळे झालं, बा म्हणाल्या पुण्याईने झालं. मी म्हणते टायमरमुळे झालं. लाइट पाण्याच्या सोयीने, आपल्या सोयीने नाही.

आणि खाण्याचं तर विचारूच नका. काका पालकाचं पान उकळून टाकायला निघाले तर बांनी हात धरला, चोमासात पालेभाजी नाही, मग त्या घरून दुधीची चकती वाफवून वाटीत घेऊन यायच्या. कोळंब्या त्या चकतीवर सगळ्या बाजूंनी चढून बसायच्या, पुढचे पाय भराभर तोंडाकडे नेत. बांना फार आवडलं, शाकाहारी जीव म्हणून. (खरं सांगायचं तर त्या मेलेलंही खातात. बांना सांगू नका.)

पण खरी गंमत पुढे. एका सकाळी काका टाकीतलं थोडं पाणी नळीने बादलीत काढत होते, आणि बादली उचलून मोरीत ओतणार तेवढ्यात गॅलरीतून आवाज, "गाळ्या वगर नहीं!" गाळल्याशिवाय नाही. आता जैन घरातली जुनी रीत अशी की विहिरीचं पाणी जाड फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव टाकून द्यायचे नाहीत, ज्या विहिरीतून पाणी आणलं त्याच विहिरीत परत सोडायचे. काका म्हणाले अहो हे काढून टाकायचं पाणी आहे, प्यायचं नाही. बा ऐकेनात, स्वतःचं पांढरं गळणं घेऊन आल्या. काकांनी चिडून ओतलं. फडक्यावर थोडा गाळ, मॉसचे दोन तुकडे, आणि बा म्हणाल्या, "जुओ." आम्ही वाकून बघितलं. ओल्या कापडावर काहीतरी उड्या मारत होतं. दोन मिलिमीटर असेल नसेल, अंग पूर्ण पारदर्शक, फक्त दोन काळे डोळे दिसत होते. मग शेजारी अजून एक. मग अजून. कोळंबीची पिल्लं! काकांना पत्ताही नव्हता की व्यायल्या आहेत. बांनी गळणं अलगद उलटं करून टाकीच्या पाण्यात बुडवलं, तसंच, विहिरीत सोडतात तसं. काका दुसऱ्या दिवशी मलमल आणायला मंगळबाजारात गेले, स्वतःहून.

बरं, गोष्टीत वेळ गेला, माझं नेहमीचं आहे, आता भराभर ऐका.

विजेचं पहिलं. टाकीवर 230 व्होल्टचा होल्डर टांगायचा नाही, कितीही छान दिसत असला तरी. बारा व्होल्टचा एलईडी, तीन-पाच वॉट पुरे, पांढरा उजेड, दुकानात 6500 केल्विन म्हणून मागा. अडॅप्टर बोर्डापाशी, टाकीपासून लांब. वायर बोर्डात जायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी वायरवरून ओघळलंच तर झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. परत सांगते, वायरला झोळ. आणि हात पाण्यात घालायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

जुना पिवळा बल्ब नको. तो घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतलं पाणी आधीच तापलेलं, त्यावर हा. आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, वीस डिग्रीला लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम आणि पस्तीसला सातच्याही खाली. म्हणजे बिचाऱ्यांना गरमही होतं आणि श्वासही पुरत नाही.

किती लिटरमध्ये काय ठेवायचं? पाच लिटरच्या आत असेल तर फक्त झाडं आणि गोगलगायी. दहाच्या आसपास असेल तर कोळंब्या. मासा नाही. फायटर मासा छोट्या बरणीत विकायला ठेवतात, तो वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून तिथे जिवंत राहतो, पण राहतो आणि नांदतो यात फरक आहे, त्याला पंधरा-वीस लिटर द्या. काचेच्या गोल वाडग्याबद्दल तर मी बोलतच नाही. एवढंच सांगते की पाणी भरलेलं गोल काचेचं भांडं भिंगासारखं ऊन गोळा करतं, युरोपात पूर्वी चांभार आणि लेस विणणाऱ्या बायका मेणबत्तीचा उजेड कामावर एकवटायला अशीच पाण्याची गोल भांडी वापरायचे, तेव्हा ते खिडकीत उन्हात ठेवाल तर पडद्याला भोक पडेल.

नळाचं पाणी, म्हणजे आजवा तलावाचं असो की मही नदीचं, एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातं, नाहीतर क्लोरीन मारायचे थेंब मिळतात ते घाला. तांब्याच्या कळशीत मात्र ठेवू नका, तांबं कोळंबीला विष आहे. आणि भरल्या भरल्या जीव सोडायचे नाहीत, चार ते सहा आठवडे नुसती झाडं. जिवांच्या घाणीतून अमोनिया निघतो, तो पचवणारे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर बसायला एवढा वेळ लागतो, आणि आपण उकळत्या पाण्याने वाळू धुतली की तेच सगळे मारून टाकतो. म्हणून सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, आठवड्याला पाचवा हिस्सा फक्त.

गोगलगायींना नाक मुरडू नका. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने झाडं आणि गोल्डफिश एकत्र ठेवून पाहिले, पानं सडायला लागली, मग त्याने गोगलगायी सोडल्या आणि सगळं मार्गी लागलं. तीन वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं.

आणि झाकण! नुसती झाडं असतील तर फारच गरजेचं, कारण स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. बारीक जाळी किंवा मलमल, काकांसारखी.

एकदा भरला की लॅम्प उचलायचा नाही. दहा लिटर म्हणजे दहा किलो झालं, वर काच, वाळू आणि लाकूड, तेव्हा डुगडुगणारा टीपॉय नको, भक्कम टेबल बघून मगच भरा. आणि दर आठवड्याला काढलेलं पाणी गाळून झालं की मोरीत कशाला, कुंडीत घाला, त्यात झाडांना लागणारं नायट्रेट असतं, काकूंचा कढीपत्ता त्याच्यावरच गॅलरीच्या छतापर्यंत गेलाय. नमस्कार!