खरखरीखालचा सिग्नल

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओची कळ दोन केंद्रांच्या मध्ये नेली की नुसती खरखर ऐकू येते. तिच्याखाली एखादं दूरचं केंद्र बोलत असेल, तर ते यंत्राने ओळखायचं कसं? आज त्याविषयी बोलतो.

1999 मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी कॉग्निटिव्ह रेडिओची कल्पना मांडली. आजूबाजूच्या लहरींचा अंदाज घेऊन आपलं वागणं बदलणारा रेडिओ. एखाद्या वारंवारतेचा परवानाधारक गप्प असेल तेव्हा ती वापरायची, तो बोलू लागला की सोडायची.

अमेरिकेत टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांसाठी 2008 मध्ये नियम झाले. अट अशी, की उणे 114 डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजायचं एकक) इतका क्षीण सिग्नलही ओळखू आला पाहिजे. म्हणजे सुमारे 4 फेम्टोवॉट. वॉटचे, एकावर पंधरा शून्यं, इतके भाग करा, त्यातले चार. इतकी कडक अट का? टीव्हीचा अँटेना छपरावर, त्याला चित्र स्वच्छ मिळतं. आपलं यंत्र खाली, भिंतींच्या आडोशाला. त्याला ऐकू आलं नाही म्हणून ते बोलू लागलं, तर शेजाऱ्याचा टीव्ही बिघडणार.

आता हिशेब पाहा. तिथलं चॅनेल 6 मेगाहर्ट्झ रुंद. तेवढ्या पट्ट्यात नुसत्या उष्णतेमुळे होणारी खरखरच 24 फेम्टोवॉट. सिग्नल चार, खरखर चोवीस; यंत्राची स्वतःची खरखर आणखी वेगळी.

मग जास्त वेळ ऐकून सरासरी काढावी, असं कुणालाही वाटेल. पण त्यासाठी मुळात खरखर किती, हे अचूक माहीत हवं. तिथेच घोडं पेंड खातं. राहुल तांद्रा आणि अनंत सहाय यांनी 2008 मध्ये गणिताने दाखवलं, की हा अंदाज एका डेसिबलने, म्हणजे साधारण पाव हिश्श्याने जरी इकडेतिकडे होत असेल, तर सिग्नल खरखरीच्या निम्म्याच्याही जरा खाली गेल्यावर कितीही वेळ ऐका, एकूण ऊर्जा मोजून निवाडा होत नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण इथे धीर धरून भागत नाही.

भागतं ते सिग्नलची खूण ठाऊक असल्याने. अमेरिकी डिजिटल टीव्हीच्या सिग्नलमध्ये ठरलेल्या जागी एक स्थिर सूर असतो, पायलट. त्यात एकूण शक्तीच्या जेमतेम सात टक्के. पण कान फक्त 10 किलोहर्ट्झच्या फटीला लावला, तर खरखर सहाशेपट घटते: 0.04 फेम्टोवॉट. सूर मात्र 0.3 च्या आसपास, जवळजवळ सातपट! तोच सिग्नल, तीच खरखर.

2010 मध्ये अमेरिकेने ऐकण्याची सक्ती सैल केली. यंत्राने आपलं ठिकाण सांगून, कुठे कोणतं चॅनेल वापरात आहे याच्या नोंदवहीतून मोकळं चॅनेल घ्यावं, असं ठरलं. मनोरे जागचे हलत नाहीत, तेव्हा ते योग्यच. आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही प्रसारण करणारं एकटं दूरदर्शन, त्यामुळे बराच पट्टा मोकळा. आयआयटी मुंबईने पालघरच्या गावांत त्यातूनच इंटरनेट पोहोचवून दाखवलं.

पण युद्धनौकांची नोंदवही कशी ठेवणार? म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर 3.5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नौदलाच्या रडारसाठी कान देणारी यंत्रं बसवली आहेत. रडार ओळखू आलं, की त्या भागातल्या इतरांना ती वारंवारता सोडावी लागते.