पाणी तयार ठेवा, सोडू नका

[दृश्य: बोरघाटाच्या पायथ्याचा रस्ता, सकाळ. टँकर कुशीवर पडलेला. दूरवर अग्निशमन दलाची गाडी.]

टँकर कुशीवर पडलाय. वरच्या झाकणाच्या कडेनं द्रव गळतोय आणि उताराच्या बाजूला सरकतोय. दलाची गाडी आली, पण बरीच अलीकडे, चढाच्या बाजूला थांबली. कुणी उडी मारून धावलं नाही. होज उलगडली, पंप सुरू झाला, ब्रांच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, जवानाच्या हातात आली. पाणी मात्र सुटलं नाही.

हा सराव आहे. टँकरमध्ये रंग मिसळलेलं साधं पाणी आहे. घातक रसायनं हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना १९८९च्या नियमांनुसार आवारातला सराव दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. आवाराबाहेरच्या आपत्तीचा सराव वर्षातून एकदा व्हायला हवा. कागदावर तो सगळीकडे होतो. इथे आज प्रत्यक्षात होतोय, आणि सगळ्यांनी एक गोष्ट मनाशी धरलीय: टँकरमध्ये ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड आहे.

[दृश्य: दुर्बिणीतून टँकरची मागची बाजू.]

पहिलं काम डोळ्यांचं. टँकरच्या पाटीवर यूएन क्रमांक, म्हणजे आत कोणता घातक पदार्थ आहे ते सांगणारा जगभर चालणारा आकडा, असतो, आणि त्याचे आकडे किमान दहा सेंटीमीटर उंच असावेत असा मोटार वाहन नियम आहे. ते उगाच नाही. पाटी वाचायला जवळ जावं लागलं, तर पाटीचा उपयोग काय? दुर्बिणीत दिसतंय: १८३०. म्हणजे सल्फ्युरिक. शेजारी चौकोनी चिन्ह, वर पांढरं, खाली काळं. दोन परीक्षानळ्यांतून थेंब पडतायत, एक हातावर, एक धातूवर. वर्ग ८, दाहक पदार्थ. चित्र इतकं स्पष्ट आहे की वाचता न येणाऱ्यालाही कळावं.

आणखी एक खूण आहे: २पी. दोन म्हणजे पाणी वापरायचं तर बारीक फवाऱ्यानं, धारेनं नाही. पी म्हणजे अंगभर रासायनिक सूट, श्वसनयंत्र, आणि पदार्थ भडकून उसळू शकतो याची तयारी. याच अक्षराचा अर्थ असाही होतो की सांडलेलं भरपूर पाण्यानं पातळ करता येतं. ‘भरपूर’ या शब्दाचा हिशेब एकदा मांडून बघा. एक टन ॲसिड लिंबाच्या रसापेक्षा जरा सौम्य, म्हणजे पीएच ३ पर्यंत आणायचं, तर सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागतं. पाच हजार लिटरच्या बंबाच्या चार हजार फेऱ्या. टँकरमध्ये वीस टन असेल, तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

[दृश्य: बीकर. जाड ॲसिडवर पाण्याचा एक थेंब. चर्र.]

या ॲसिडच्या एका लिटरचं वजन १ किलो ८४० ग्रॅम. त्यामुळे वरून ओतलेलं पाणी आधी त्याच्यावर तरंगतं. जिथे दोघं भेटतात तिथे इतकी उष्णता निघते की पाणी जागच्या जागी उकळतं आणि आजूबाजूचं ॲसिड घेऊन उडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत सर दटावून सांगायचे: पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नको. रस्त्यावर ही निवड आपल्या हातात नसते. ॲसिड आधीच तिथे येऊन बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. तीव्र सल्फ्युरिक साध्या पोलादाच्या टँकरमधून नेतात, कारण ते पोलादावर सल्फेटचा पातळ थर धरतं आणि तो थरच पोलादाला सांभाळतो. त्यात पाणी शिरलं की हा करार मोडला. पातळ झालेलं ॲसिड पोलाद खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे भल्या मनानं आत मारलेल्या पाण्यानं गळती वाढते, वर पेट घेणारा वायूही तयार होतो. म्हणून आज इथे ठिणगी न उडवणारी हत्यारं आहेत आणि सगळ्यांचे मोबाइल गाडीत ठेवलेत.

[दृश्य: बॅरिकेडपाशी बघ्यांची गर्दी. एकाच्या हातात प्लास्टिकचा कॅन.]

गर्दी खरी आहे, सरावातली नाही. आपल्याकडे टँकर उलटला की कॅन, बादल्या आधी पोचतात. दूध असो, डिझेल असो, खाद्यतेल असो. आणि हे ॲसिड दिसायला तेलासारखंच, दाट, कधी किंचित तपकिरी. त्याला वासही फारसा नसतो. पोलिसांना वाहतूक वळवण्याइतकंच हे कॅनवाले मागे हटवणं अवघड जातं. सुरुवातीला सर्व दिशांनी किमान ५० मीटर मोकळे ठेवतात, वाऱ्याच्या दिशेनं जास्त. मग प्रत्यक्ष गळती बघून रेषा पुढेमागे करतात.

[दृश्य: जवान सूट चढवतायत.]

एरवी आगीत घालायचा कोट इथे कामाचा नाही. तो उष्णतेसाठी असतो, ॲसिड त्यातून झिरपतं, कातडी बूट तर शोषूनच घेतात. म्हणून हा जाड, रबरासारखा सूट, आत पाठीवर श्वसनयंत्र. जवान त्याला ‘बीए सेट’ म्हणतात. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबानं साधारण १८०० लिटर हवा मावते. कागदावर ती ४५ मिनिटं पुरते. झाकणाचे नट आवळणारा, घामानं निथळणारा माणूस मात्र ती त्याच्या किती तरी आधी संपवतो. कोकणच्या तोंडाशी, एप्रिलच्या उन्हात, या सूटच्या आत काय होतं ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून आत जाण्याआधी प्रत्येकाचा रक्तदाब बघतात, आणि एक अधिकारी फळीवर वेळ लिहीत बसतो. त्याच्याइतकं कंटाळवाणं काम इथे कुणाचंच नाही, आणि त्याचं लक्ष उडालेलं चालत नाही.

आत जोडी जाते, एकटा कधीच नाही. दुसरी जोडी बाहेर पूर्ण सूट घालून बसून राहते. पहिल्या दोघांपैकी कुणी पडलं तर त्या वेळी चेन ओढत बसायला सवड नसते.

[दृश्य: जवान कोरडी वाळू टाकतायत. रस्त्याच्या कडेचं गटार.]

आता खरी धावपळ दिसते, पण टँकरकडे नाही, गटाराकडे. या उतारावरचं पाणी ओढ्याओढ्यांनी पाताळगंगेकडे जातं. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर वाहणारी ही नदी, आणि तिच्या काठानं गावं, कारखाने, पाणी उचलणाऱ्या योजना. म्हणून आधी गटाराचं तोंड बंद, मग कोरड्या वाळूचा बांध. लाकडाचा भुसा नको. सल्फ्युरिक त्याचा कोळसा करतं, आणि टँकरमध्ये नायट्रिक असेल तर भुसा पेटूही शकतो.

बांधाच्या आत मग चुना किंवा सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड. कडेकडेनं, फावड्या-फावड्यानं. एकदम ओतलं तर तेही उसळतं. सोडा ॲश फसफसून कार्बन डायऑक्साइड सोडतं. एका टनाला जवळजवळ तेवढंच सोडा ॲश लागतं, विझवलेला चुना पाऊण टनाच्या आसपास. अख्खा टँकर रिकामा झाला तर ट्रक भरून चुना मागवावा लागतो. म्हणून गळती थांबवून उरलेलं दुसऱ्या टँकरमध्ये उपसून घेणं हेच शहाणपण.

टँकरवर १७८९ असता, म्हणजे हायड्रोक्लोरिक, तर चित्र बदललं असतं. त्याचे पांढरे धूर दमट हवेत जमिनीलगत रेंगाळतात. तिथे बारीक फवारा उपयोगी पडतो, पण तो धुरावर धरायचा, डबक्यावर नाही. नायट्रिकचे तपकिरी धूर सगळ्यांत फसवे: माणूस खोकतो, बरा वाटतो, घरी जातो, आणि फुप्फुसात पाणी कित्येक तासांनी भरतं.

[दृश्य: चालकाची भूमिका करणारा जवान रस्त्यावर. कात्रीनं कपडे कापले जातायत.]

सकाळपासून अडवून ठेवलेलं पाणी इथे सुटतं. चालकाच्या मांडीवर ॲसिड उडालंय असं मानलंय. कपडे कापून दूर, आणि वाहतं पाणी, सलग किमान वीस मिनिटं. डोळा असेल तर पापण्या धरून. ओल्या फडक्यानं पुसणं ही घरगुती चूक आहे. थोडंसं पाणी उष्णता वाढवतं, भरपूर पाणी ती वाहून नेतं. कातडीवर चुना किंवा सोडा अजिबात चोळायचा नाही. अंगावरच आम्ल-अल्कलीची झटापट लावून दिल्यासारखं होतं ते.

[दृश्य: रबरी टब, लांब दांड्याचे ब्रश. पहिली जोडी परत येतेय.]

बाहेर येणाराही एका ठरलेल्या वाटेनंच येतो. टबात उभं राहायचं, डोक्यापासून खाली धुवून घ्यायचं, मग सूट आतून बाहेर उलटत काढायचा. मास्क सर्वांत शेवटी. पहिला जवान धापा टाकतोय. सूट अर्धा उतरवल्याबरोबर त्याचा हात मास्कच्या पट्ट्याकडे जातो.

“थांब रे. आधी बूट.”

“साहेब, आत नुसतं पाणीच होतं.”

साहेब काही बोलत नाहीत, टबाकडे बोट दाखवतात. जवान परत टबात उभा राहतो, साथीदाराच्या खांद्याचा आधार घेतो आणि ब्रशसाठी डावा तळवा वर धरतो.