विंचवाला हप्ते नसतात

श्रोतेहो, नमस्कार.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण बदलीच्या नोकरीतल्या माणसाला म्हणतो. आमच्या बिऱ्हाडाला सहा चाकं आहेत. लांबी चोवीस फूट, आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी आणि संडास. इथे अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात. गेली काही वर्षं मी हे बिऱ्हाड घेऊन हिंडतोय आणि आता त्या म्हणीबद्दल माझी तक्रार आहे. विंचवाला हप्ते नसतात, विमा नसतो. शिवाय त्याचा डंख दुसऱ्याला बसतो. आमच्यात तो मालकाला बसतो.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो. गाडी घेतली २०२१ साली. करोनाचे दिवस. विमानाची भीती, हॉटेलची भीती, आणि घरात बसून बसून एकमेकांची भीती. अख्ख्या अमेरिकेला एकाच वेळी हाच विचार सुचला होता. त्या एका वर्षात इथल्या कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, तोवरचा उच्चांक. म्हणजे बाजार सगळ्यात चढा असताना आम्ही त्यात उतरलो. शेअर बाजारातही मी हेच करतो. आमची गाडी नवी नव्हती, २०१४ची होती, पण विकणाऱ्याने ती अशा काही मायेने दाखवली की मुलगी सासरी पाठवतोय. ती पाठवल्यावर त्याचा चेहरा किती मोकळा झाला होता, ते मला फार उशिरा आठवलं.

अमेरिकन आयकर खात्याच्या लेखी झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली की ते घर. कर्जाच्या व्याजावर दुसऱ्या घराची सूट मागता येते. हे ऐकून मी हरखलो. मग कळलं, ती सूट घ्यायची तर सगळ्यांना सरसकट मिळणारी मोठी वजावट सोडावी लागते, आणि आमच्यासारख्याला ते परवडत नाही. इकडे आमचं राज्य मात्र तिला वाहन समजतं आणि दरवर्षी नोंदणीबरोबर मालमत्ता कर कापून घेतं. घर म्हणून काही मिळत नाही, वाहन म्हणून द्यावं मात्र लागतं. त्यात आमच्या सोसायटीचा नियम असा की असलं धूड दारात उभं करायचं नाही. मग गावाबाहेर एका आवारात महिना ९५ डॉलर देऊन ठेवलंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमचं एक घर दुसरीकडे भाड्याने राहतं.

बायकोने पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. तिचे वडील एसटीत होते, हिशेब रक्तात आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिने ती माझ्यापुढे ठेवली. त्या एका वर्षाचे कर्जाचे हप्ते ४,५६० डॉलर. विमा १,०५०. आवाराचं भाडं १,१४०. कर ३५०. टायर आणि दुरुस्ती १,९००. बेरीज बरोब्बर ९,०००. खाली तिने लिहिलं होतं, गाडीत काढलेल्या रात्री १८. भागाकार तुम्हीच करा. मी करणार नव्हतो, पण तिने केला होता: एका रात्रीला ५०० डॉलर. यात पेट्रोल नाही, कॅम्पग्राउंडचं, म्हणजे गाडी मुक्कामाला लावायच्या जागेचं, भाडं नाही. पेट्रोलची टाकी ५५ गॅलनची, म्हणजे दोनशे लिटरच्या वर, आणि ॲव्हरेज लिटरला चार किलोमीटरच्याही आतलं.

मी म्हटलं, “अगं, पण हॉटेलात आपला पलंग असतो का?”

ती म्हणाली, “पाचशे डॉलरच्या हॉटेलात सकाळी उठून संडासाची टाकी आपण रिकामी करत नाही.”

आता या टाकीकडे वळावंच लागेल. जेवायला बसला असाल तर रेडिओ दोन मिनिटं बारीक करा.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी राखाडी, म्हणजे मोरीच्या आणि बेसिनच्या पाण्याची. तिसरी काळी. तिच्यात काय असतं ते सांगत नाही. काळी टाकी एका जाड, घडीच्या पाइपने जमिनीतल्या भोकाला जोडायची आणि दांडा ओढायचा. नियम असा की आधी काळी सोडायची, मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हा नियम मी वाचला होता. दुसरा वाचला नव्हता.

पहिल्याच मुक्कामी मी पाइप जोडला आणि काळ्या टाकीचा दांडा ओढून तसाच उघडा ठेवला. म्हटलं, घरी कसं, सोडलं की गेलं. तीन दिवस पातळ तेवढं वाहून जात राहिलं आणि घट्ट ते आत बसून राहिलं. चौथ्या दिवशी आतून बायकोची हाक आली. त्या स्वरात मला पूर्ण नावाने तिने लग्नात उखाणा घेतल्यानंतर पहिल्यांदाच हाक मारली होती.

शेजारच्या जागेत वेस्ट व्हर्जिनियाचे एक निवृत्त खाणकामगार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, आत गेले, आणि घडीची खुर्ची घेऊन बाहेर आले. मला वाटलं मदतीला येतायत. ते बसले. आपल्या बायकोला बोलावून तिचीही खुर्ची मांडली. पुढे कळलं की कॅम्पग्राउंडवर हा मान्य करमणुकीचा प्रकार आहे. संध्याकाळी कुणी नवखा गाडी मागे घेत असला, नवरा डावीकडे वळवतोय, बायको मागे उभी राहून उजवीकडे हात हलवतेय, की आजूबाजूला अशाच खुर्च्या उघडतात. अर्ध्या तासाने मात्र ते गृहस्थ उठले. टाकी पाण्याने भरायला लावली, गाडी चालवून एक चक्कर मारून आणायला सांगितली, आणि मग दांडा ओढायला लावला. सुटलो. रात्री त्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवली. त्यांनी ती डब्यासकट ठेवून घेतली.

खिचडीवरून आठवलं. गाडीला मिळते ३० अँपिअरची जोडणी. १२० व्होल्टने गुणलं तर ३,६०० वॉट. एसी चालू, पाण्याचा हीटर चालू, आणि मायक्रोवेव्हमध्ये बटाटे ठेवले की खटका पडलाच. लोडशेडिंगच्या दिवसांत वाढलेल्या आम्हा दोघांना यात नवं काही नव्हतं. आमच्या मुलीला होतं. तिचा जन्म इथला. दिवे गेल्यावर कुणाला फोन करायचा, असं ती विचारायला लागली. आम्ही दोघं एकदम म्हणालो, “शेजाऱ्यांचे गेलेत का बघ!”

बाकी फोडणीला मिरची पडली की छताचा धुराचा अलार्म ओरडतो, म्हणून फोडणी बाहेर करायची. प्रेशर कुकरही बाहेर. सकाळी सात वाजता तीन शिट्ट्या झाल्या आणि समोरच्या गाडीतला माणूस गॅस गळतोय म्हणून अनवाणी धावत आला.

मागच्या उन्हाळ्यात सासरे आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तीस वर्षं दापोडीच्या एसटीच्या कार्यशाळेत बॉडी बांधायच्या कामावर होते, आता वाईला असतात. त्यांना मी मोठ्या अभिमानाने गाडी दाखवायला नेलं. डरहॅममार्गे नेणार होतो. तिथे ग्रेगसन स्ट्रीटवर ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वे पूल होता. इतक्या ट्रकांची आणि आरव्हींची छपरं त्याने सोलली की त्याचं नाव ‘कॅन ओपनर’ पडलं. २०१९मध्ये तो ८ इंचांनी उचलला, तरी लोक येऊन धडकतातच. मामांना तो पूल बघायचा होता. बायको म्हणाली, आधी गाडी बघा, पुलाखाली काय न्यायचंय ते कळेल.

मामांनी भिंतीवर टिचकी मारली. मग दुसरीकडे मारली. कपाट उघडून आत बोट घातलं. “जावईबापू, ही बॉडी आहे? लाकडाची पट्टी, वर पातळ प्लायवूड, आणि हे काय, स्टेपलरच्या पिना? शाळेच्या वहीला मारतात त्या?” मी म्हटलं, वजन कमी ठेवावं लागतं. ते म्हणाले, “आमच्या गाडीत वर पन्नास पोती आणि मागे शिडीला लटकलेली माणसं असायची.”

मग टायर. मी म्हटलं, बघा, नक्षी शाबूत आहे. त्यांनी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले: २२१३. म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा. “गोटा झाला नाही हे खरं, पण रबर मेलंय. आरव्ही उभी राहून म्हातारी होते.” सहाच्या सहा टायर बदलले. ‘१,३०० डॉलर,’ वहीत नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी एकाहत्तर वर्षांचा माणूस शिडीने छपरावर. खाली मी, शिडी धरून. छपरावरच्या प्रत्येक सांध्यावर लावलेलं सीलंट उन्हाने तडकतं, तिथून थेंब थेंब पाणी आत शिरतं आणि भिंतीतलं प्लायवूड कुजायला लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मामांनी तीन ठिकाणी खडूने गोल काढले. दुकानात त्याच कामाचे ९०० सांगितले होते. आम्ही ६० डॉलरच्या नळ्यांत केलं. मला पुट्टी ओढायचा हात नाही, हे त्यांनी दोन वेळा स्पष्ट सांगितलं.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. थंडी पडण्याआधी सगळ्या नळांतून पाणी काढून गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरायचं. पहिल्या वर्षी बाहेरच्या शॉवरचा नळ विसरलो. ४२० डॉलर.

या जानेवारीत बायकोने गाडी विकायची जाहिरात टाकली. मी विरोध केला नाही. वही तिच्याकडे आहे. एक जोडपं बघायला आलं, आवडली. त्या माणसाने विचारलं, टाकी कशी रिकामी करतात? मी त्याला प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, घट्ट आणि पातळसकट. पस्तीस मिनिटं. ते परत आले नाहीत. बायकोला अजून संशय आहे की मी मुद्दाम सांगितलं.

मामांना फोनवर वही वाचून दाखवली. रात्रीला ५०० डॉलर ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांचा कामावरचा आवाज आला. “हप्ता, विमा, भाडं, हे गाडी चालली काय नि उभी राहिली काय, लागणारच. आमच्याकडेही डेपोत उभी गाडीच बुडवायची. विकता कशाला? भारमान वाढवा, गाडी रिकामी ठेवू नका. नोव्हेंबरात आम्ही दोघं येतो.”

बायकोने वही ओढली. त्यांच्या बारा रात्री धरल्या. १८ आणि १२, तीस. ९,००० भागिले ३०.

“तीनशेवर आलं,” ती म्हणाली, आणि नकाशा काढायला उठली.